चोवीस सेकंदांची लढाई

चोवीस सेकंद साडेतीन महिने पुरवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान अमरावतीला राहतात, मी अकोल्याला. मधलं अंतर एसटीने अडीच तासांचं. ते दर रविवारी मी तुडवतो, भर उन्हात, थंडीत, एकदा तर अंगात ताप असताना. कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी नातेवाइकांकडे जातो एवढंच सांगतो. एका कॉलेजचा पन्नाशी उलटलेला ग्रंथपाल दर रविवारी लाकडी फळीवर कॅरमची काळी सोंगटी होऊन एका पुलावर उभा राहायला जातो, हे अकोल्यात कोणाला सांगण्यासारखं नाही.

साडू मोजणी खात्यात होते. शेताच्या बांधावर जायचं, टेबल मांडायचं, साखळी टाकायची आणि कोणाची जमीन कुठे संपते ते ठरवायचं, यात त्यांची नोकरी गेली. मोजणीदाराला दोन गोष्टी लागतात, नजर आणि सबुरी. साडूंना पहिली देवाने बेताची दिली आणि दुसरी देताना त्याचा हात सुटला. बांधावरच्या सगळ्यांचं ऐकल्याशिवाय ते साखळीला हात लावत नसत. अर्जदार, सामनेवाला, त्यांचे भाऊ, भावांच्या बायका, बांधापलीकडून सहज चाललेला गुराखी, सगळ्यांचं. निवृत्तीनंतर त्यांना बांध उरला नाही, पण सवय उरली. सांबाराची, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची, एक जुडी आणायला ते बाजारात जातात तेव्हा आधी सगळ्या भाजीवाल्यांकडे फिरतात, प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतात, आणि मग पहिल्याकडे परत येऊन त्याला सांगतात, "तुयाच घेतो, पन बाकीच्याइचं ऐका लागते." तोपर्यंत ताईंची भाजी बिनसांबाराची शिजून पानात पडलेली असते.

अशा माणसाच्या हाती तो खेळ लागला. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. एका सुट्टीत तो मित्रांना घेऊन आला, चार दिवस हे सगळे टेबलाभोवती बसून राक्षस मारत होते, आणि जाताना ती पेटी इथेच विसरून गेला. पेटीत नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि नाना आकारांचे फासे. साडूंनी ते पुस्तक जमीन महसुलाचा कायदा वाचावा तसं वाचलं, लाल पेन्सिल घेऊन, समासात टिपा काढत. दोन महिन्यांनी मला फोन आला. "अकोला," ते मला माझ्या नावाने कधीच हाक मारत नाहीत, "रविवारी या. चार मानसं लागतात. गोष्ट मी सांगतो, तुमी त्या गोष्टीतले मानसं व्हा. तुमी काय करता ते सांगाचं, आन् जमलं का नाई ते फासा सांगन." मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. "मले तरी कुठी येते? पुस्तक हाये न."

खेळ तसा साधा आहे. साडू गोष्ट सांगतात आणि गोष्टीतल्या सगळ्या दुष्टांच्या वतीने खेळतात. आम्ही बाकीचे एकेक वीर. रस्त्याने जाताना, धर्मशाळेत थांबताना गोष्ट भराभर पुढे सरकते. पण लढाई सुरू झाली की बाऱ्या, म्हणजे पाळ्या, लागतात. प्रत्येकाची एकेक बारी, सगळ्यांच्या बाऱ्या झाल्या की एक फेरी पुरी, आणि पुस्तक म्हणतं की एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. सहा सेकंदांत माणूस तलवारीचा एक घाव घालू शकतो, फार तर दोन पावलं सरकू शकतो. साडूंचा या सहा सेकंदांवर विश्वास आहे. घाई मात्र त्यांना मान्य नाही.

आम्ही खेळतो ते टेबलही मोजणीचंच आहे. खात्याने मोडीत काढलेलं तिपाईवरचं लाकडी टेबल त्यांनी हौसेने घरी आणून ठेवलंय. त्यावर कागद ताणून प्रमाणात काढलेला दरीचा नकाशा, दरीवर एक अरुंद पूल. पुलाच्या अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे तेवीस हिरवे आणि एक दैत्य. हिरवे म्हणजे हिरव्या कातडीचे बुटके लुटारू, त्यांच्या जागी रंगवलेले खडे. दैत्य म्हणजे ताईंच्या खलबत्त्यातला बत्ता. मी कॅरमची सोंगटी, ते सांगितलंच. तेवीस हिरव्यांपैकी प्रत्येकाला साडूंनी नाव दिलं होतं, बापाचं नाव दिलं होतं आणि वहीत त्यांची यादी होती. खेकड्या वल्द मुंगळ्या, राहणार पुलाखाली. वाकड्या वल्द अज्ञात. प्रत्येकाची बारी आली की साडू डोळे मिटून त्याच्या जागी जाऊन विचार करत. या माणसाला लढायचंय का? त्याला समोरचा दिसतोय का? मागे त्याचं कोण आहे? मग डोळे उघडून खडा अर्धा बोट पुढे सरकवत.

खेळणाऱ्यांत माझ्याशिवाय दोघं. एक प्रफुल्ल, मोर्शीचा संत्रा बागायतदार. त्याच्या बागेची मोजणी कधीकाळी साडूंनी केली होती, तेव्हापासून तो हंगामात संत्र्यांची पेटी घेऊन यायचा. एकदा पेटी ठेवायला आला आणि टेबलाशी बसला तो कायमचा. तो तिरंदाज आहे, आणि त्याची सोंगटी म्हणजे झाडावरच वाळलेलं लिंबाएवढं संत्रं. प्रफुल्लला दम म्हणून धरवत नाही. बाण सुटण्याआधीच तो फासा उचलून जोरात फेकतो, तो फासा पलंगाखाली जातो, आणि मग त्याला शोधायला विजेरी आणावी लागते.

दुसरी वैशाली. ती दवाखान्यात नर्स, सहा वर्षांपासून कंत्राटावर, राहायला वलगावला. ताईंचा हात मोडला होता तेव्हा ड्रेसिंगसाठी येत असे. एक दिवस पट्टी बांधता बांधता तिने टेबलाकडे पाहून विचारलं, "काका, हे काय हाये?" साडूंनी सांगायला सुरुवात केली. दोन तासांनी ताईंनी आठवण करून दिली की त्यांचा हात अजून हवेत आहे. आम्हाला वाटलं ही जखमा बऱ्या करणारी वैद्य होईल. ती म्हणाली, "नाई बाप्पा. दिवसभर जोडूनच राहिली मी. इथं मले तोडू द्या." तिने कुऱ्हाडवाली निवडली. तिची सोंगटी म्हणजे इंजेक्शनची रिकामी बाटली, रबरी बुचासकट.

ही पुलावरची लढाई पोळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू झाली. पहिल्याच दिवशी प्रफुल्लने बाण मारला. साडूंनी खिशातून कर्कटक काढलं, अंतर मोजलं, पट्टीवर ताडून पाहिलं आणि बाण अर्धा बोट कमी पडल्याचं जाहीर केलं. प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, अर्धा बोट म्हंजे काय ते?" साडू म्हणाले, "अर्ध्या बोटावरून कोर्टात तीन तीन पिढ्या जातात, बाबू." त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अर्धा बोट कमीच भरलं. हे मोजणं चालू असताना मी जाऊन गिला वडा खाऊन आलो, वैशालीने एक डुलकी काढली, आणि गोष्टीत तो बाण अजून हवेतच होता.

मग खेकड्याची शरणागती. तिसऱ्या फेरीत खेकड्या वल्द मुंगळ्या याने शस्त्र खाली ठेवलं. आम्हाला आनंद झाला, एक कमी झाला म्हणून. पण साडू असं काही कच्चं ठेवत नाहीत. शरण आला तर त्याचा जबाब नको? तो कुठला, टोळीत कसा आला, आमच्यापैकी कोणावर त्याचा विश्वास आहे? जबाब घेतला वैशालीने, चाळीस मिनिटं. आपल्याला एक आजारी आई असल्याचं खेकड्याने साडूंच्या तोंडून सांगितलं, आणि वैशालीने आईची लक्षणं विचारून औषधही सांगितलं. चार फेऱ्या झाल्या तेव्हा डिसेंबर लागला होता. चार फेऱ्या म्हणजे चोवीस सेकंद. प्रफुल्ल मला जिन्यात म्हणाला, "भाऊ, मी संत्र्याचा एक बहार उतरवून दुसऱ्याची तयारी करून राहिलो, आन् आपन अजून त्याच पुलावर. साहेबानं जर पुढच्या पोळ्यापर्यंत चालवलं तं मी दरीत उडी मारतो."

प्रफुल्लवर तशी वेळ आली नाही, कारण वैशालीची ऑर्डर आली. पक्की सरकारी नोकरी, जिच्यासाठी ती सहा वर्षं परीक्षा देत होती. मिळाली ती रत्नागिरीकडे, नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन आठवड्यांत हजर व्हायचं. ती पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या, ताईंनी तिला पेढा भरवला. साडू मात्र टेबलाकडे बघत होते. "तीन रविवार," ते म्हणाले. "लढाई पुरी झाल्याबिगर तू जात नाईस. हा पूल तू ओलांडून जाशीन. माझा शब्द हाये."

प्रफुल्लने लगेच उपाय सुचवला, दैत्याला हृदयविकाराचा झटका द्या. साडूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो संत्रं सोलायला लागला. लढाई पुरी करायची ती नियमाने, प्रत्येकाची बारी घेऊन, फासा टाकून, फक्त लवकर. आयुष्यात कधी लवकर काही न केलेल्या माणसाने हा निश्चय केला होता, आणि तो त्यांनी मोजणीच्या शिस्तीने अमलात आणला. बुधवारी मला अकोल्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. "आपणांस कळविण्यात येते की आगामी रविवारी सकाळी ठीक आठ वाजता पुलावर हजर राहावे. आपल्या बारीत काय करणार याचा निर्णय घरूनच करून यावे. विचारासाठी जागेवर वेळ दिला जाणार नाही." खाली सही, तारीख. पोस्टमनने नोटिशीवर सही घेताना मला विचारलं, जमिनीचा वाद आहे का? मी म्हटलं, पुलाचा आहे.

वेळ राखण्याचं काम ताईंकडे दिलं. त्यांनी कुकर लावायचा, आणि कुकरची एक शिटी म्हणजे एक बारी. शिटी झाली की ज्याचं जे राहिलं ते राहिलं, पुढच्याची बारी. ताईंना हे फार आवडलं. इतक्या महिन्यांत त्यांचा बत्ता गेला होता, रविवार गेले होते, आता निदान हुकूम तरी हाती आला. त्या दोन रविवारी आम्ही उकडलेले बटाटे, उकडलेले हरभरे, तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि शेवटी काहीच उरलं नाही म्हणून नुसतं उकळलेलं पाणी, एवढ्यावर लढलो.

पण लढाई काय पळाली! पहिल्या रविवारी तीन फेऱ्या. हिरवे पटापट पडत होते. साडू घामाघूम होऊन एका हाताने खडे सरकवत, दुसऱ्या हाताने वहीत लिहीत, शिटीसरशी पुढच्याचं नाव पुकारत. वाकड्या वल्द अज्ञात याच्या मरणाला तर एक अख्खी शिटीही मिळाली नाही. दुसऱ्या रविवारी आणखी तीन फेऱ्या, म्हणजे आठवी, नववी आणि दहावी. हिरवे संपले, पुलावर फक्त दैत्य उरला. दहाव्या फेरीत घाईघाईने प्रफुल्लने सोडलेला बाण माझ्या पाठीत बसून मी दरीत कोसळलो, ते सोडा. त्याच फेरीत दैत्य असा घायाळ झाला की पुढच्या रविवारी एका घावात काम तमाम होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. प्रफुल्ल नाचला. मी मेलेला असूनही टाळ्या वाजवल्या. साडूंनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "जमते लेकहो. मलेबी लवकर जमते." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की सांगता सोय नाही. वैशालीही हसत होती. ती साडेचारच्या ऑटोने गेली.

सोमवारी मला कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी मुक्कामाला राहिलो. सकाळी साडू वही पक्की करायला बसले, म्हणजे कच्च्या नोंदी शाईने उतरवायला. मी पेपर वाचत होतो. बराच वेळ पेनाचा आवाज आला नाही म्हणून मान वर केली, तर साडू वहीच्या एका पानावर बोट ठेवून बसले होते. "अकोला," ते म्हणाले, "नवव्या फेरीत वैशालीचं नाव नाई."

मी म्हटलं, लिहायचं राहिलं असेल. त्यांनी मान हलवली. शिटी कोणाच्या बारीला झाली, दैत्य कधी हलला, सगळं त्यांनी परत जुळवून पाहिलं. प्रफुल्लच्या बारीत एक शिटी झाली, ताईंनी गॅस मोठा केला होता म्हणून लागलीच दुसरी झाली, आणि त्या दुसऱ्या शिटीत वैशालीची बारी निघून गेली. साडूंनी तिचं नाव पुकारलंच नव्हतं. आम्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्या पोरीसाठी हा सगळा आटापिटा चालला होता, तिलाच वगळून आम्ही पुढे गेलो होतो. साडूंनी वही बगलेत घेतली, स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बसा मांगं. वलगावले जा लागते."

वैशालीच्या घरी बॅगा भरणं चाललं होतं. तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. "जय भीम, गुरुजी," म्हणत साडू आत गेले. पाणी, चहा झाला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली वैशालीच्या नव्या युनिफॉर्मच्या घड्या ठेवल्या होत्या. साडूंनी चहा संपवला, वही तिच्यापुढे उघडली आणि बोट ठेवलं. "पोरी, ह्या फेरीत तुयी बारी राहिली. माया हातून राहिली."

"माहीत हाये काका," वैशाली म्हणाली.

"माहीत हाये? मंग बोलली काहून नाई?"

तिने युनिफॉर्मची एक घडी मोडून परत घातली. "शिटी झाली न. सगळे किती खूश होते. आन् खरं सांगू का काका, सवय हाये. दवाखान्यात असंच होते. सकाळी मोठे डॉक्टर येतात, फाईल मांगतात, चार गोष्टी सांगतात आन् निंगून जातात. रात्रभर पेशंटजवळ मी बसली असते, मले काही सांगाचं असते. कोनी विचारलं तं सांगन न? मंग राहते ते तसंच." ती हसली, पण डोळे भरले होते. "तुमच्या इथं तुमी म्हनत, वैशाली, तुई बारी, काय करतेस? आन् मंग सगळे चूप बसत. प्रफुल्लभाऊबी. मी जवळोक सांगत नाई तवळोक कोनी हलत नोता. मी त्याच्यासाठी येत होती काका. तो दैत्य मेला काय आन् नाई मेला काय, मले काय करा लागते?"

गुरुजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला माझ्या चष्म्याची काच अचानक फार घाण वाटू लागली. साडूंनी वही मिटली, एवढंच म्हणाले, "रविवारी ये," आणि उठले. परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

शेवटच्या रविवारी मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात कुकर नव्हता. ताईंनी तो माळ्यावर ठेवला होता. टेबलावरचा नकाशा पाहून प्रफुल्ल दारातच ओरडला. साडूंनी वहीवरून मोजून मोजून सगळं नवव्या फेरीत मागे नेलं होतं. दैत्य पुन्हा जवळजवळ धडधाकट होऊन पुलाच्या मधोमध उभा होता. मीही दरीतून वर येऊन पुलावर उभा होतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, या निर्णयाला माझा पाठिंबा पूर्णपणे निःस्वार्थी नव्हता.

"साहेब, एका घावाचं काम होतं!" प्रफुल्ल म्हणाला. "ती आज चालली. आता नाई होत हे पुरं. तुमी शब्द देल्ला होता!"

"देल्ला होता," साडू म्हणाले. "चुकीचा देल्ला होता. बस."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मला नव्हती सांगितली. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षीची, अंजनगावकडच्या एका गावातली. बदली झाली होती, जायच्या आधी हातातल्या मोजण्या उरकायच्या होत्या. एका बांधावर सगळे हजर होते, फक्त एक म्हातारी विहिरीवर पाण्याला गेली होती. साडू तेव्हा तरणेबांड, म्हणाले, थांबायचं कशाला? हद्दीचा दगड गाडला. म्हातारी घागर घेऊन आली, दगडाकडे पाहिलं, आपल्या बोरीच्या झाडाकडे पाहिलं. बोर दगडाच्या पलीकडे गेली होती. "थे काई बोलली नाई," साडू म्हणाले. "घागर घेऊन घरी गेली. रात्री नकाशा काढाले बसलो तं कळलं, दगड चुकला होता. बोर तिचीच होती. दुसऱ्या दिवशी मी बदलीवर निंगून गेलो. वापस गेलो नाई. आज जाईन, उद्या जाईन. तवापासून मी कोनाचं ऐकल्याबिगर साखळी टाकली नाई. आन् आता या वयात, कुकरच्या शिटीवर..." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "चुकलं तं दगड उपटून पुन्हा गाडा लागते, प्रफुल्ल. तेवढंच माया हातात हाये."

प्रफुल्लने हात लांब करून स्वतःचं वाळकं संत्रं अर्धा बोट मागे सरकवलं. "नवव्या फेरीत मी इथं होतो साहेब," तो म्हणाला. "तुमी जरा पुढं ठेवलं."

वैशाली दोन वाजता आली. संध्याकाळची गाडी बडनेऱ्याहून होती, साडेचारला निघणं भाग होतं. ती टेबलाशी बसली, आपली बाटली पुलाच्या तोंडाशी उभी असलेली पाहिली. साडूंनी चष्मा पुसला, ताठ बसले आणि म्हणाले, "वैशाली. तुई बारी. काय करतेस?"

मग आम्ही सगळे चूप बसलो. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. वैशालीने घाई केली नाही. तिने विचारलं, पूल किती रुंद आहे? साडूंनी सांगितलं. वारा आहे का? आहे, दरीतून वर येणारा. दैत्य कोणाकडे बघतोय? तुझ्याकडे. तो इथे कधीपासून आहे? साडूंनी डोळे मिटले, दैत्याच्या जागी गेले, आणि दैत्य त्या पुलावर कधी आला, त्याला तिथे कोणी ठेवलं, त्याने कोणाकोणाला अडवलं, सगळं सांगितलं. ती विचारत राहिली, ते सांगत राहिले. मी मनात म्हणत होतो, टाक फासा पोरी, नशिबाने एका घावात पडेलही. पण बोललो नाही. ताई स्वयंपाक टाकून दारात येऊन उभ्या होत्या. सव्वाचार वाजले.

"मी कुऱ्हाड उगारते," वैशाली म्हणाली, "आन् थांबते. बारी राखून ठेवते. दैत्य हलला की हानीन. तवळोक थांबते."

असा नियम आहे. आपली बारी लगेच न वापरता अमुक घडलं की अमुक करीन म्हणून राखून ठेवता येते. साडूंनी वही उघडली आणि आपल्या सावकाश, गोल अक्षरात लिहिलं, "वैशाली. कुऱ्हाड उगारली. बारी राखून ठेवली." तिला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि सही घेतली. मग ती सगळ्यांच्या पाया पडली. साडूंच्या पाया पडताना त्यांनी तिला अर्ध्यातच उठवलं. ऑटो आला होता.

आता होळी होऊन गेली. मी अजूनही दर रविवारी जातो. मधे एकदा मला शंका आली म्हणून मी ते जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की राखून ठेवलेली बारी पुढची फेरी लागली की बुडते. मी ते साडूंना दाखवलं. त्यांनी पान उलटलं आणि समासाकडे बोट केलं. तिथे लाल पेन्सिलीने, खाली सही करून, लिहिलं होतं, "खेळाडू परजिल्ह्यात नोकरीस असल्यास राखीव बारी बुडणार नाही." इतक्या वर्षांत या माणसाने नियमात एवढीच एक भर घातली असेल.

आमच्या बाऱ्या आता फार लवकर होतात. प्रफुल्ल, ज्याला दम म्हणून नव्हता, तो प्रत्येक फेरीत म्हणतो, मी नेम धरून राहतो. बाण काही सोडत नाही. मी ढाल धरून उभा राहतो. मग साडू वैशालीचं नाव पुकारतात, "काय करतेस?" म्हणून विचारतात, आणि आम्ही जरा वेळ चूप बसतो. साधारण याच सुमारास तिकडून ड्युटी संपवून तिचा फोनवर निरोप येतो, "हलला काय?" मग दैत्याची बारी. साडू डोळे मिटतात, पुष्कळ वेळ मिटून ठेवतात, आणि उघडल्यावर वहीत लिहितात, "दैत्य विचार करून राहिला." तेवढंच तिला कळवतात. तिला मे महिन्यात रजा आहे म्हणे. तोपर्यंत बत्ता पुलावरच, ताई लसूण वाटीने ठेचतात.